मुलाने दिवाळखोरी जाहीर केली तर आईवडिलांचं घर वाचतं का? शैक्षणिक कर्जाची गोष्ट, सोप्या भाषेत

मागच्या महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरचे काका प्लास्टिकची फाइल घेऊन घरी आले. चहाला नको म्हणाले, सरळ फाइल उघडली आणि माझ्यापुढे सरकवली, "अगं तू बँकेत होतीस ना, हे वाच जरा." सगळ्यात वर बँकेचं पत्र, एक हप्ता थकलाय आणि दुसऱ्याची तारीख पण गेलीय म्हणून. खाली मंजुरीपत्र, ३० लाख, मुलाच्या अमेरिकेतल्या एमएससाठी, राहता फ्लॅट तारण. मुलगा शिकला, डिग्री मिळाली, वर्षभर नोकरी शोधली, नाही मिळाली, परत आला. आता पुण्यात महिना ३८ हजारांवर काम करतोय आणि पत्रात हप्ता लिहिलाय ४५,३५० रुपये.

मग काकांनी खरा प्रश्न विचारला, जो त्यांनी रात्री मोबाइलवर शोधून शोधून काढला असणार. "याने दिवाळखोरी जाहीर केली तर? मोठमोठ्या कंपन्या करतातच की. मग आमचं घर वाचेल का?"

मी बँकेच्या रिटेल कर्ज विभागात ९ वर्षं होते, वकील नाही, पण हा प्रश्न हल्ली मला वरचेवर येतोय. परदेशात फ्रेशर्सना नोकऱ्या मिळत नाहीयेत, त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने बाहेर देशातल्या उमेदवारांसाठीच्या नव्या एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या अर्जांवर १ लाख डॉलर फी लावली आणि परत येऊन पुन्हा जाऊ म्हणणाऱ्यांचा तो रस्ता पण अवघड झाला. कर्ज मात्र इथल्या बँकेचं, रुपयात, आणि बहुतेक वेळा आईवडिलांच्या घरावर. म्हणून काकांना जे दोन तास बसून सांगितलं ते इथे नीट लिहून काढतेय.

३० लाखांचे किती होतात

आधी हा आकडा येतो कुठून ते बघू, कारण तो बघितल्याशिवाय लोक दिवाळखोरीपर्यंत का पोचतात ते कळत नाही. शैक्षणिक कर्जात शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर साधारण १ वर्ष हप्ता नसतो. या सवलतीच्या काळाला मोरॅटोरियम म्हणतात. हप्ता नसतो म्हणून व्याज पण नसतं असं खूप जणांना वाटतं, आणि तिथेच सगळा घोळ होतो, व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं, फक्त ते मागत नाहीत.

समजा ३० लाख एकदमच उचलले, व्याज ११ टक्के, २ वर्षं शिक्षण आणि १ वर्ष पुढचं. तीन वर्षांचं सरळ व्याज झालं ९ लाख ९० हजार. हे मुद्दलात मिसळतं आणि पहिल्या हप्त्याच्या दिवशी तुमचं कर्ज असतं ३९ लाख ९० हजार. हे १० वर्षांत फेडायचं तर हप्ता जवळजवळ ५५ हजार, १५ वर्षांत फेडायचं तर ४५ हजार साडेतीनशेच्या आसपास. आणि १५ वर्षं सगळे हप्ते वेळेवर भरले तर एकूण भरणा ८१ लाखांच्या वर जातो. काकांना हे कॅल्क्युलेटरवर दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून परत घातला आणि म्हणाले परत एकदा कर. परत केलं, तेवढंच आलं.

३८ हजार पगारात ४५ हजारांचा हप्ता बसतच नाही, त्यामुळे मुलगा बेजबाबदार आहे वगैरे बोलण्यात काही अर्थ नाही.

दिवाळखोरी म्हणजे नक्की काय

आपल्याकडे 'दिवाळं निघालं' हे शिवी दिल्यासारखं बोलतात, पण कायद्यात ती एक रीतसर प्रक्रिया आहे. एका किराणा दुकानदाराचं उदाहरण घ्या. दहा जणांची देणी आहेत, पैसे आहेत दोघांपुरते. आता जो आधी येऊन आरडाओरडा करेल तो गल्ल्यातले पैसे घेऊन जाणार, बाकीचे आठ बोंबलत बसणार, आणि दुकानदार जन्मभर तोंड लपवत फिरणार. हे होऊ नये म्हणून कोर्ट मध्ये पडतं. सगळ्यांना सांगतं थांबा, रांगेत या. दुकानदाराला सांगतं तुझं जे काही आहे ते इथे आणून ठेव. ते विकून सगळ्यांना नियमाप्रमाणे वाटतात आणि त्यानंतर जे देणं उरतं ते पुसून टाकतात. या शेवटच्या पुसून टाकण्याला डिस्चार्ज म्हणतात, म्हणजे कर्जमुक्तीचा आदेश.

म्हणजे सौदा असा की आधी सगळं द्यायचं आणि मग उरलेलं माफ. लोकांना लक्षात राहतो फक्त दुसरा भाग.

कंपन्यांचं वेगळं असतं, कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने वेगळी व्यक्ती, ती बुडाली तर कागदावर संपते, तिच्या शेअरहोल्डरच्या घरी साधारणपणे कोणी जात नाही. माणूस असा कागदावर संपत नाही, त्याला उद्या परत कामाला जायचंच असतं. त्यामुळे 'कंपन्या करतात मग आपण का नाही' या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे की तो कायदाच वेगळ्या प्राण्यासाठी चालतोय.

२०१६ चा कायदा आहे ना मग?

आहे. नादारी आणि दिवाळखोरी संहिता, २०१६, जिला सगळे आयबीसी म्हणतात. तिच्यात कंपन्यांसाठी एक भाग आहे आणि माणसांसाठी वेगळा तिसरा भाग आहे. कंपन्यांचा भाग डिसेंबर २०१६ पासून जोरात चालू झाला, बातम्यांत आपण जे ऐकतो ते सगळं त्यातलं. माणसांच्या भागातून मात्र १ डिसेंबर २०१९ पासून फक्त एकच गट आत घेतला, कंपनीच्या कर्जाला स्वतः जामीन राहिलेले लोक, म्हणजे बहुतेक प्रवर्तक मंडळी. नोकरदार, विद्यार्थी, छोटा दुकानदार यांच्यासाठी तो भाग संसदेने पास केलाय पण लागू केलेला नाही. घर बांधून रंग देऊन तयार आहे आणि किल्लीच दिलेली नाही असं समजा.

आणि उद्या किल्ली मिळाली तरी काय? हे मला काकांना सांगताना जड गेलं, पण सांगितलं. त्या तिसऱ्या भागात कलम ७९ मध्ये वगळलेल्या कर्जांची एक यादी आहे, म्हणजे अशी देणी जी दिवाळखोरीत पण पुसली जाणार नाहीत. कोर्टाने केलेला दंड, निष्काळजीपणा किंवा कायदेशीर जबाबदारी मोडल्याबद्दलची नुकसानभरपाई, पोटगी, आणि त्याच यादीत चौथं, शैक्षणिक कर्ज. तिथेच लिहिलंय, कुठे शोधायला नको. पुढे कलम ९४ सांगतं की कर्जदाराला वगळलेल्या कर्जासाठी अर्जच करता येणार नाही, आणि कलम १३९ सांगतं की कर्जमुक्तीचा आदेश मिळाला तरी वगळलेलं कर्ज तसंच राहील. दंड आणि पोटगीच्या ओळीत शिक्षणाला नेऊन बसवलंय. मला हे वाचून पहिल्यांदा खूप राग आला होता आणि अजूनही येतो.

याच कायद्यात अगदी गरीब माणसासाठी 'नवी सुरुवात' नावाची एक सोपी वाट पण ठेवलीय, ज्यात साधं कर्ज थेट माफ होऊ शकतं. अटी बघा, वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत, आणि स्वतःचं घर नको. शैक्षणिक कर्ज यातूनही बाहेर. म्हणजे तिथेही दार बंदच.

जुना कायदा अजून आहे असं ऐकलं

बरोबर ऐकलंत. नवा भाग लागू नाही म्हणून जुने दोन कायदे अजून जिवंत आहेत, मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा आणि बाकी ठिकाणी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबईत हायकोर्ट, बाकी महाराष्ट्रात जिल्हा पातळीवरचं कोर्ट. १९२० च्या कायद्यात कर्जदाराला अर्ज करायला निदान ५०० रुपयांचं देणं असलं तरी चालतं, यावरूनच तो किती जुना आहे ते कळतं. त्या काळी शैक्षणिक कर्ज ही भानगडच नव्हती त्यामुळे ते वगळलेलं पण नाही.

मग करायचा का अर्ज? काका एकदम पुढे सरकून बसले होते इथे. पण कोर्टाने नादार ठरवलं की तुमची जवळजवळ सगळी मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते. कर्जमुक्ती आपोआप मिळत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो आणि कोर्ट नाही पण म्हणू शकतं. तोपर्यंत नादारीचा शिक्का राहतो, आमदार खासदार व्हायला बंदी हे आपल्या कामाचं नाही, पण नोकरी देणारा, घर भाड्याने देणारा, पुढे कर्ज देणारा सगळे विचारणारच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तारण ठेवलेली वस्तू या सगळ्याच्या बाहेर राहते. बँकेकडे फ्लॅट तारण असेल तर मुलगा नादार झाला तरी बँक तो फ्लॅट विकू शकते. आणि मुलाची सुटका झाली तरी त्याच्यासोबत ज्याने सही केलीय त्याची होत नाही, हे १९२० च्या कायद्याच्या कलम ४४ मध्ये स्वच्छ लिहिलंय.

तर काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आलं. नाही वाचत.

खरी गाठ बसते ती सहीच्या कागदावर

फाइलमधलं कर्जाचं करारपत्र मी काढून काकांसमोर धरलं. तीसेक पानं, प्रत्येक पानाच्या खाली उजवीकडे निळ्या शाईत त्यांची सही, आणि सहीच्या वर छोट्या अक्षरात छापलेलं 'सहकर्जदार'. काका म्हणाले, "मी तर गॅरेंटर आहे असं समजत होतो." खरं तर दोन्हीत फार फरक पडला नसता. कॉन्ट्रॅक्ट कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, बँकेने आधी मुलाच्या मागे जावं मग बापाकडे यावं असा नियम नाही. सहकर्जदार तर स्वतःच कर्जदार. कर्ज दोघांनी मिळून घेतलंय, फक्त शिकला एक जण.

मी ज्या शाखेत होते तिथे या सह्या कशा व्हायच्या ते सांगते. ॲडमिशनची तारीख डोक्यावर, विद्यापीठाला पैसे भरायचे असतात, व्हिसाला बँकेचं पत्र दाखवायचं असतं, आईवडील गावाहून सकाळच्या एसटीने आलेले. आम्ही पेन्सिलने फुल्या करून ठेवायचो आणि ते बिचारे फुलीवर सही करत जायचे, वीस मिनिटांत काम आटपायचं. 'सहकर्जदार म्हणजे तुमचं घर आणि तुमची पेन्शन पण यात आहे' हे वाक्य मी माझ्या नोकरीत सगळ्यांना सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मी काहींना सांगितलं, सगळ्यांना नाही. ही गोष्ट मनाला लागून राहिलीय.

नियम तसा साधा आहे. बँकांच्या संघटनेच्या म्हणजे आयबीएच्या आदर्श योजनेप्रमाणे ४ लाखांपर्यंत तारण आणि जामीन दोन्ही नको, आईवडील सहकर्जदार म्हणून पुरे, आणि साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण. म्हणजे आईवडिलांची सही सगळ्याच पायऱ्यांवर असते, आणि परदेशातलं शिक्षण म्हटलं की रक्कम साडेसात लाखांच्या वर जातेच, मग बहुतेक वेळा घर येतं.

शिक्षणाच्याच कर्जावर इतकी कडक नजर का

याचं बँकेच्या बाजूचं कारण पण ऐकून घ्या, ते खोटं नाहीये. गाडीचं कर्ज थकलं तर गाडी उचलून नेता येते. शिक्षणाचं कर्ज थकलं तर काय नेणार, डिग्री तर डोक्यात असते. मग भीती अशी की मुलगा डॉक्टर होईल, दुसऱ्या दिवशी 'माझ्याकडे काही नाही' म्हणून दिवाळखोरी घेईल आणि तिसऱ्या दिवशी दवाखाना उघडेल.

ही भीती पहिल्यांदा कायद्यात शिरली ती अमेरिकेत. १९७६ मध्ये तिथल्या संसदेने ठरवलं की सरकारी हमीचं शैक्षणिक कर्ज परतफेड सुरू झाल्यापासून पहिली ५ वर्षं दिवाळखोरीत माफ होणार नाही, अगदी हलाखी असेल तरच. गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की त्याच सुमाराला तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी तपासलं तेव्हा अशा कर्जांपैकी १ टक्क्याहूनही कमी कर्जं दिवाळखोरीत गेलेली निघाली. तरीही मुदत १९९० मध्ये ७ वर्षांची झाली, १९९८ मध्ये मुदतच काढून टाकली म्हणजे कितीही वर्षं झाली तरी नाही, आणि २००५ मध्ये खासगी कंपन्यांची शैक्षणिक कर्जं पण त्यातच घातली. आपला २०१६ चा कायदा त्याच वाटेने गेलाय. इंग्लंडमध्ये पण सरकारी विद्यार्थी कर्ज दिवाळखोरीत पुसलं जात नाही, पण तिथे हप्ता पगाराच्या प्रमाणात असतो, ठराविक पगाराच्या वरच्या रकमेचे ९ टक्के, आणि काही दशकांनी उरलेलं आपोआप संपतं. म्हणजे त्यांनी एक दार बंद केलं पण खिडकी तरी ठेवली. आपण दार बंद केलं आणि खिडकी बांधलीच नाही, माझी मुख्य तक्रार ही आहे.

अमेरिकेत सुटका होते का, आणि आपल्या मुलांना त्याचा उपयोग आहे का

तिथे 'अवाजवी हलाखी' सिद्ध केली तर होते. ब्रुनर नावाच्या १९८७ च्या खटल्यातून तीन प्रश्नांची कसोटी आली. आत्ता हप्ता भरून किमान जगणं जमतंय का, ही परिस्थिती पुढेही अशीच राहणार आहे का, आणि आतापर्यंत प्रामाणिकपणे फेडायचा प्रयत्न केला का. कोर्टांनी ही कसोटी इतकी कडक लावली की लोक अर्ज करणंच सोडून देत. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या न्याय खात्याने सरकारी कर्जांसाठी एक ठरलेला फॉर्म आणला, त्यात उत्पन्न खर्च भरून द्यायचा आणि बसत असेल तर सरकारी वकील विरोध करत नाहीत. दिवाळखोरी वेगळी आणि सरसकट माफी वेगळी बरं का, तिथल्या सरकारने जाहीर केलेली ती सरसकट माफी जून २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने रद्द केली, बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते.

आपल्या मुलांचं काय? अमेरिकेत राहणारा परदेशी माणूस पण तिथे दिवाळखोरीचा अर्ज करू शकतो. पण कर्ज इथल्या बँकेचं असेल तरी ते शिक्षणासाठीच घेतलेलं आहे, त्यामुळे तिथेही तोच हलाखीचा अडसर येऊ शकतो. आणि समजा सगळं पार पडलं तरी तिथल्या कोर्टाचा आदेश तुमच्या सहकर्जदार वडिलांना सोडवत नाही, नाशिकच्या किंवा साताऱ्याच्या फ्लॅटवरचं तारण उतरवत नाही. मुलगा तिकडे मोकळा, इकडे आईच्या फोनवर वसुलीवाले. हा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर कृपा करून करू नका.

काहीच भरलं नाही तर काय होतं, जेल होते का

क्रम असा. हप्ता थकून ९० दिवस झाले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या भाषेत बुडीत जाऊ लागलेलं. घर तारण असेल तर सरफेसी कायद्याखाली, म्हणजे कोर्टात न जाता बँकेला तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस येते. या नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, हे लोकांना माहितीच नसतं, घाबरून ते पाकीट कपाटात ठेवून देतात. ६० दिवसांनी बँक ताबा घेऊ शकते, त्याविरुद्ध ४५ दिवसांत डीआरटीमध्ये म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. शेतजमीन सरफेसीखाली घेता येत नाही, पण सातबाऱ्यावर बोजा असेल तर कोर्टाचा रस्ता बँकेला मोकळाच असतो.

तारण नसेल तर बँकेला दावा लावावा लागतो, २० लाख आणि वर असेल तर डीआरटी, खाली असेल तर दिवाणी कोर्ट. निकालानंतर पगार जप्त होऊ शकतो पण सगळा नाही. पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश हात लावता येत नाहीत. ३८ हजारात म्हणजे जास्तीत जास्त १२,३०० च्या आसपास जातील.

जेलबद्दल, १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात सांगितलंय की निव्वळ पैसे नाहीत म्हणून कोणाला तुरुंगात टाकता येणार नाही, पैसे असून लबाडी करत असेल तर गोष्ट वेगळी. पण एक सावधानता, खात्यात पैसे नसताना हप्त्याचं ऑटो डेबिट परत गेलं तर चेक बाउन्ससारखा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. म्हणून भरणं जमणार नसेल तर हप्त्याच्या तारखेच्या आधी बँकेला लेखी कळवा, ते डेबिट नुसतं आपटू देऊ नका.

आणि वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची परवानगी नाही. शिवीगाळ केली, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना फोन केले तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान नाही झालं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फुकट.

शेतकऱ्यांना माफी मिळते मग आम्हाला का नाही, आणि बँका राइट ऑफ करतात त्याचं काय

कर्जमाफीत सरकार तुमच्या जागी बँकेला पैसे देतं. २००८ ला केंद्राने दिली, २०१७ आणि २०१९ ला आपल्या राज्याने दिली, तो राजकीय निर्णय असतो, कोर्टात मागता येत नाही. शैक्षणिक कर्जाला आतापर्यंत जे मिळालंय ते व्याजात सवलत, ते पण बहुतेक करून देशातल्या शिक्षणाला आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना, जसं २०२४ च्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरलेल्या संस्थांमध्ये ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सूट. राइट ऑफ म्हणजे बँकेने आपल्या वहीतून ते कर्ज बाजूला काढून ठेवलं, तुमच्या नावावरचं देणं तसंच राहतं आणि वसुली पण चालू राहते. 'राइट ऑफ झालं म्हणजे सुटलो' असं समजून निवांत बसलेल्यांच्या घरी तीन वर्षांनी नोटीस आलेली मी बघितलीय.

मग हातात काय उरतं

९० दिवस. खरंच, सगळ्यात मोठी सवलत त्या ९० दिवसांच्या आत मागायची असते, नंतर शाखेतल्या माणसाचे हात पण बांधले जातात कारण फाइल वसुली विभागाकडे जाते. आयबीएच्या आदर्श योजनेत बेकारी किंवा अर्धबेकारीच्या काळासाठी कर्जाच्या आयुष्यात दोन-तीनदा हप्त्याला सवलत द्यायची सोय आहे, पगार वाढेल तसा हप्ता वाढत जाणारी रचना पण मागता येते. सगळ्या बँका सगळं देतील असं नाही, खासगी फायनान्स कंपन्या तर कमीच देतात, पण मागितल्याशिवाय कोणी स्वतःहून सांगत नाही हे मी आत राहून बघितलंय.

खातं एनपीए झालंच तर मग एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस. बँक काही व्याज, कधी थोडं मुद्दल सोडते. पण सिबिलमध्ये 'क्लोज्ड' न येता 'सेटल्ड' येतं आणि ते पुढची काही वर्षं प्रत्येक कर्जाच्या वेळी दिसतं. करायचीच तर लेखी पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया भरायचा नाही, आणि भरून झाल्यावर नो ड्यूज दाखला आणि घराचे मूळ कागद त्याच फेरीत मागायचे. लोकअदालतीत पण तडजोड होते, तिथे कोर्ट फी नाही आणि निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सही करायच्या आधी रक्कम दोनदा वाचा.

काकांच्या केसमध्ये पहिल्या थकीत हप्त्याला ४३ दिवस झाले होते. आम्ही तिथेच बसून एक पानी अर्ज लिहिला, साध्या मराठीत, मुलाचा सध्याचा पगार, ऑफर लेटर, मागच्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आणि स्पष्ट मागणी की १२ महिने फक्त व्याज घ्या आणि मुदत वाढवा. दोन प्रती. काकांना सांगितलं की एक द्यायची आणि दुसरीवर तारखेसकट शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. शाखेत आधी म्हणाले ईमेल करा, मग म्हणाले साहेब रजेवर आहेत, काका दीड तास बसून राहिले आणि शिक्का घेऊन आले.

उत्तर यायला सोळा दिवस लागले. १२ महिने नाही दिले, ६ महिने फक्त व्याज, त्यानंतर परत अर्ज करायला सांगितलंय. ३९ लाख ९० हजारांवर ११ टक्क्यांनी महिन्याचं व्याजच साडेछत्तीस हजारांच्या आसपास होतं, म्हणजे मुलाचा अख्खा पगार जवळजवळ. घरखर्च काकांच्या पेन्शनवर चालणार. मुलगा शनिवार-रविवार क्लासमध्ये शिकवायला जायला लागलाय, आणि काकांनी कॅलेंडरवर सहाव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला लाल गोल करून ठेवलाय, दुसऱ्या अर्जासाठी.